नाकपट्टी (घोड्याची)

घोड्याच्या लगामातील, नाकाभोवतून जाऊन जबड्याखाली बक्कलने बांधला जाणारा पट्टा.

नाकावर दाब देऊन जनावर आवरण्याची पद्धत कडियाळ्याच्या (लगामाला जोडलेल्या, तोंडात बसवायच्या दांडीच्या) आधीची की नंतरची, याबद्दल मतभेद आहेत. कझाकस्तानातील बोताई येथे सापडलेल्या घोड्यांच्या (इ. स. पू. सु. ३५००) दातांवरील झीज कडियाळ्यामुळे झाली, असे काही अभ्यासक मानतात. ही झीज नैसर्गिकही असू शकते, हा अलीकडचा आक्षेप अधिक सबळ वाटतो. मेसोपोटेमियातील ऊर येथील सुप्रसिद्ध चित्रफलकावर (इ. स. पू. सु. २५००) गाडी ओढणारी गाढववर्गीय जनावरे नाकातल्या कडीने हाकलेली दिसतात, धातूचे कडियाळे बरेच नंतर आले. तेव्हा नाकाला अग्रक्रम द्यावा, हे बरे.

गोव्याच्या बंदरांतून अरबी घोडे विजयनगर व विजापूरकडे जात. १५१० नंतर पोर्तुगिजांनी हा व्यापार आपल्याकडे वळवला. शिगम्यातील घोडेमोडणीत नर्तक कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून एका हाती लगाम आणि दुसऱ्या हाती तलवार घेतात. त्या घोड्यांचा मुखसाज शोभेचा असतो; त्यावरून जुन्या सामानाविषयी अनुमान काढू नये.

साध्या नाकपट्टीची जागा गालाच्या हाडाची पुढे आलेली कड संपते तिथून साधारण दोन बोटे खाली. तीच पट्टी वर सरकली तर त्या कडेवर घासते. फार खाली गेली तर नाकाच्या हाडाच्या पातळ टोकावर येते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्यामुळे नाकपुडीवरच्या मऊ भागावर दाब पडला की श्वासच अडतो. म्हणून कडियाळ्याच्या खालून बांधायची पट्टी नाकपुडीच्या वर निदान चार बोटे असावी लागते. जोडपट्टीत (साध्या पट्टीला खाली दुसरा पट्टा जोडलेल्या प्रकारात) खालचा पट्टा जास्त ओढला तर वरचा पट्टाही खाली उतरतो. नेहमीची चूक ती हीच. नाकावर फुली घालणाऱ्या प्रकाराचे इंग्रजी नाव १९३१ ची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकणाऱ्या ग्रॅकल या घोड्यावरून पडले.

सैलपणा नाकाच्या हाडावर, बरोबर मध्यरेषेत मोजावा : मोठ्या माणसाची दोन बोटे शेजारी शेजारी ठेवून आरामात आत जावीत. गालाशी किंवा जबड्याखाली बोटे घालून पाहणे फसवे, कारण तिथे मांस दबते आणि पोकळीही असते. बोटांची जाडी माणसागणिक वेगळी असल्याने मोजपट्टी बरी; आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२५ पासून १.५ सेंमी. जागेची तपासणी करणारे साधन लागू केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५० घोड्यांच्या पाहणीत ४४ टक्के घोड्यांच्या पट्टीखाली एकही बोट जात नव्हते, आणि दोन बोटांची जागा केवळ ७ टक्क्यांना होती.

बक्कल जबड्याच्या हाडाच्या धारेवर येऊ देऊ नये. घट्ट पट्टी गालाचा आतला भाग वरच्या दाढांच्या धारदार कडांवर दाबते आणि तिथे फोड येतात. बाहेरून घोडा नुसता डोके झटकताना दिसतो. जाड गादी लावल्याने घट्टपणा जात नाही, दाब थोडा पसरतो एवढेच. तोंड उघडते म्हणून पट्टी आवळण्याआधी दात, कडियाळे आणि स्वाराचा हात तपासावा. योग्य पट्टीत घोडा घास चावू शकतो. केस झिजणे, पांढरे केस उगवणे, हाडावर खळगा पडणे ही जुन्या दाबाची चिन्हे होत. डोके वर उचलू न देणारा छातीपट्टा फक्त साध्या नाकपट्टीलाच अडकवतात.

गोव्याच्या पावसाळ्यात कातड्याला बुरशी चढते आणि समुद्रकाठी फिरवलेल्या घोड्याच्या सामानावर मीठ साचते. प्रत्येक वापरानंतर पट्टी ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी व अधूनमधून तेल द्यावे. उन्हात वाळलेले कातडे ताठ होऊन कडेला कापते. लोखंडी बक्कल गंजते, त्यापेक्षा पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. नवे कातडे वापरात ताणले जाते, म्हणून पहिल्या काही दिवसांत भोके पुन्हा तपासावी लागतात.