मुलाची चिठ्ठी, मुलीची चिठ्ठी

डॉक्टरांनी लहान मुलांना लिहून दिलेल्या औषधांचा हिशेब मांडला, तर पहिल्या दहा-बारा वर्षांत मुलग्यांचं पारडं जड असतं. दम्याचे पंप त्यांना जास्त, अंथरूण ओलं होऊ नये म्हणून दिलं जाणारं डेस्मोप्रेसिन त्यांना जास्त, अतिचंचलतेवरच्या गोळ्या तर कितीतरी जास्त. मग वयात येण्याचा काळ सुरू होतो आणि पारडं फिरतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुली पुढे गेलेल्या असतात आणि पुढची कित्येक वर्षं त्या पुढेच राहतात.

हे इतक्या खात्रीने सांगता येतं, कारण काही देशांत चिठ्ठीवर दुकानातून गेलेल्या प्रत्येक औषधाची राष्ट्रीय नोंद होते. नॉर्वेत अशी नोंदवही २००४ पासून आहे, स्वीडनमध्ये जुलै २००५ पासून, डेन्मार्कमध्ये त्याच्याही आधीपासून. कुठलं औषध, किती, कुठल्या वयाच्या मुलाला किंवा मुलीला, हे सगळं त्यात सापडतं. पण चिठ्ठी का लिहिली गेली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणाला ती कधी लिहिलीच गेली नाही, हे नोंदवहीत नसतं.

आधी शरीराचं बघू. दम्याचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. लहानपणी मुलग्यांची फुफ्फुसं त्याच वयाच्या मुलींपेक्षा थोडी मोठी असतात, पण त्या मानाने हवेच्या नळ्या अरुंद. नळीतून हवा संथपणे वाहत असेल, तर तिला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली, की विरोध सोळापट. सर्दीने आलेली मिलिमीटरच्या अंशाइतकी सूज मोठ्या माणसाला जाणवतही नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या छातीत तीच सूज रात्रभर घरघर लावते, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. म्हणून पंप मुलग्यांच्या नावावर जास्त. वयात येताना मुलग्यांच्या नळ्या भराभर रुंदावतात, अनेकांचा दमा मागे पडतो. मुलींमध्ये मात्र याच वयात दमा नव्याने डोकं वर काढतो, आणि काही जणींना पाळीच्या आधीच्या दिवसांत धाप जास्त लागते. आजार एकच, पण वयात येण्याच्या अलीकडे तो मुलग्यांचा जास्त, पलीकडे मुलींचा.

लघवीच्या संसर्गातही असंच उलटं वळण आहे, फक्त फार लवकर. आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत तो मुलग्यांना जास्त होतो. त्यानंतर मुलींना, कारण त्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो. अर्धशिशी लहानपणी दोघांनाही साधारण सारखीच, वयात आल्यावर मुलींना दोन ते तीन पट. थायरॉइडच्या गोळ्या मुलींना जास्त, रक्त नीट न गोठण्याच्या आजारावरची, म्हणजे हिमोफिलियावरची इंजेक्शनं जवळजवळ फक्त मुलग्यांना.

औषध तेच असलं, तरी ते घेणारं शरीर वयात येताना बदलतं, हे मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. हृदयाच्या आलेखात क्यूटी नावाचं एक अंतर मोजतात. एका ठोक्यानंतर हृदयाचे खालचे कप्पे विद्युतदृष्ट्या पुन्हा तयार व्हायला किती वेळ घेतात, हे त्यावरून कळतं. लहान मुलगा आणि लहान मुलगी यांच्यात त्यात फरक नसतो. वयात येताना मुलग्यांमध्ये हे अंतर कमी होतं, मुलींचं पूर्वीइतकंच राहतं. एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकासारखी काही औषधं हे अंतर वाढवतात, आणि ते फार वाढलं तर ठोक्यांची लय धोकादायकपणे बिघडू शकते. हा धोका स्त्रियांना जास्त, आणि त्याची सुरुवात शाळकरी वयातच होते.

पुढे मुलींचा आकडा चढतो त्यात गर्भनिरोधक गोळ्यांचा वाटा मोठा आहे. पण ही चिठ्ठी दरवेळी गर्भनिरोधासाठी नसते. पाळीत असह्य दुखणं, अतिरक्तस्राव, हट्टी मुरूम यांसाठीही त्याच गोळ्या दिल्या जातात, आणि नोंदवहीत या सगळ्या एकाच रकान्यात पडतात. त्यामुळे केवळ एकूण आकडा बघून ‘मुली जास्त आजारी’ असं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं.

उलट काही औषधं मुलींपासून मुद्दाम दूर ठेवली जातात. व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं जुनं, खात्रीचं औषध. पण गर्भारपणात ते घेतलं गेलं, तर सुमारे १० टक्के बाळांमध्ये जन्मजात व्यंग आढळतं आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. म्हणून युरोपीय औषध संस्थेने २०१८ मध्ये मुली आणि तरुण स्त्रियांसाठी त्यावर कडक अटी घातल्या. परिणामी एकाच प्रकारच्या फिट्स येणाऱ्या दोन भावंडांत मुलाला एक औषध आणि मुलीला दुसरं, असं होऊ शकतं. इथला फरक योग्य आहे, त्यामागे विचार आहे. (२०२४ मध्ये त्याच संस्थेने व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या पुरुषांसाठीही खबरदारीच्या सूचना दिल्या.)

सगळे फरक मात्र असे विचारपूर्वक पडलेले नाहीत. वाढीच्या संप्रेरकाचं बघा. अमेरिकेत २००३ पासून, दुसरं काही कारण सापडत नसलेल्या बुटकेपणासाठीही हे इंजेक्शन देण्याची परवानगी आहे. निकष असा, की मूल उंचीच्या तक्त्यात सगळ्यात खालच्या १.२ टक्क्यांत असावं. मुलगे आणि मुली यांचे तक्ते वेगवेगळे असतात. म्हणजे या निकषात दोघंही सारख्याच संख्येने बसायला हवीत. प्रत्यक्षात उपचार घेणाऱ्यांत मुलगे मुलींच्या दुपटीच्या आसपास असतात. बुटका मुलगा ही घरात काळजीची बाब ठरते, बुटकी मुलगी ‘नाजूक’ म्हणून सोडून दिली जाते. इंजेक्शन कमी मिळालं यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची जास्त चिंता वाटते. उंची न वाढणं हे टर्नर सिंड्रोमचं (मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) किंवा सीलिअॅक आजाराचं (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारी इजा) पहिलं लक्षण असू शकतं, आणि तपासणीलाच न नेलेल्या मुलीत ते वर्षानुवर्षं लपून राहतं.

दुखणं मोजतानाही हेच घडतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात प्रौढांना एक व्हिडिओ दाखवला: पाच वर्षांच्या मुलाचं रक्त तपासायला बोटाला सुई टोचतात, एवढाच. निम्म्यांना सांगितलं हा सॅम्युएल, निम्म्यांना सांगितलं ही समँथा. चेहरा तोच, कळवळणं तेच. तरी ‘सॅम्युएल’ला जास्त दुखलं असं लोकांनी ठरवलं. मुलगे सहसा सोसतात, म्हणजे कळवळला त्या अर्थी खरंच दुखलं असणार, हा त्यामागचा हिशेब.

अतिचंचलतेच्या, म्हणजे एडीएचडीच्या (यात नुसतं लक्ष न टिकणंही येतं) औषधांत ही नजर सगळ्यात जास्त काम करते. त्याची मुळं जुनी आहेत. १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकी डॉक्टरने वर्तनाच्या अडचणी असलेल्या ३० मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक दिलं, आणि त्यातली जवळपास निम्मी मुलं अभ्यासात चकित करण्याइतकी सुधारली. त्या ३० जणांत २१ मुलगे होते, ९ मुली. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लेआंद्रो पानित्सोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केलं. पुढे ते रिटालिन म्हणून बाजारात आलं, पत्नीच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून. आज लहान वयातलं निदान मुलग्यांत दुपटीहून जास्त होतं. प्रौढांमध्ये मात्र ही दरी बरीच मिटते. मुली मधल्या काळात नव्याने आजारी पडल्या, असं याचं उत्तर नाही. बाकावरून उठून धावणारा मुलगा शिक्षकांना दर मिनिटाला दिसतो. खिडकीबाहेर बघत बसलेली, वही उघडीच राहिलेली, घरी जाऊन चार तास घालून तोच अभ्यास पुरा करणारी मुलगी कुणाच्या आड येत नाही. तिला डॉक्टरांकडे नेलं जातं ते बरंच पुढे, चिंता किंवा नैराश्य वाढल्यावर, आणि चिठ्ठी लिहिली जाते ती त्याची. किशोरवयीन मुलींच्या नावावर नैराश्याच्या गोळ्या जास्त आहेत हे खरं आहे, आणि त्या वयात त्यांना नैराश्य जास्त होतं हेही खरं. पण त्यातल्या काही चिठ्ठ्यांखाली दुसरीच, न लिहिलेली चिठ्ठी आहे, असं मला ठामपणे वाटतं.

कित्येक स्त्रियांना हे कळतं ते चाळिशीत, आणि तेही मुलामुळे. शाळेतून तक्रार आलेली असते, डॉक्टरांनी पालकांसाठी प्रश्नांचा कागद दिलेला असतो. वस्तू हरवतो का? सांगितलेलं मधेच विसरतो का? सुरू केलेलं काम अर्धवट सोडतो का? आई एकेका ओळीपुढे खूण करत जाते, आणि चार-पाच ओळींनंतर तिचा हात थांबतो. आत्तापर्यंतच्या सगळ्या खुणा तिच्या स्वतःच्या शाळेतल्या दिवसांनाही लागू पडत असतात.