दशमांश (ख्रिस्ती परंपरा)

दशमांश : उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाच्या कामासाठी बाजूला काढण्याची प्रथा. बोलण्यात ‘दशांश’ असेही म्हणतात. मंडळीतल्या, म्हणजे स्थानिक चर्चमधल्या, इतर देण्यांशी त्याची गल्लत करू नये. उपासनेत थैली फिरते तेव्हा टाकतात ते अर्पण. सभासदत्वासाठी ठरवून दिलेली रक्कम ती वर्गणी. आणि मिळकतीच्या प्रमाणात निघतो तो दशमांश. दहा हजार कमावणाऱ्याची आणि लाख कमावणाऱ्याची वर्गणी सारखी असू शकते, दशमांश कधीच सारखा नसतो.

बायबलमध्ये अब्रामाने शालेमचा राजा मलकीसदेक याला दशमांश दिला (उत्पत्ती 14:20) आणि याकोबाने बेथेल येथे तसा नवस केला (28:22). नियम म्हणून तो मोशेच्या नियमशास्त्रात येतो. तिथे तो धान्य, फळे आणि जनावरे यांच्यावर आहे. मजुरी किंवा व्यापारातला नफा यांचा उल्लेख नाही. धान्य स्वतःकडे ठेवून पैसे द्यायचे असतील तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त भरावा लागे (लेवीय 27:31), म्हणजे शंभराच्या जागी एकशेवीस. गुरामेंढरांत काठीखालून जाणारे प्रत्येक दहावे जनावर देवाचे. मिश्ना या यहुदी ग्रंथात ही मोजणी कशी करावी ते दिले आहे : वाड्याला एका वेळी एकच जनावर बाहेर पडेल एवढे अरुंद दार ठेवायचे, बाहेर येतील तशी मोजायची आणि दहाव्याच्या अंगावर लाल खूण करायची. दहावे धष्टपुष्ट निघाले तरी तेच, लंगडे निघाले तरी तेच. कोणी अदलाबदल केलीच, तर दोन्ही जनावरे जात.

हा हिस्सा जाई मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाकडे, कारण वतनाच्या वाटणीत त्यांना शेतजमीन मिळाली नव्हती. एक हजार पायली धान्य झाले तर शंभर पायली लेव्यांना. त्या शंभरातून लेव्यांनी दहा पायली याजकांना द्यायच्या (गणना 18:26-28). घेणाराही देण्यातून सुटत नसे. उरलेल्या नऊशेतून आणखी एक दशमांश, म्हणजे नव्वद पायली, निघे. यहुदी परंपरेने सात वर्षांचे चक्र मानले : पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वर्षी हे नव्वद पायली घरच्यांनी पवित्रस्थानी नेऊन खायचे, तिसऱ्या आणि सहाव्या वर्षी गावातल्या गरिबांना द्यायचे, सातव्या वर्षी जमीन पडीक. म्हणजे दोन्ही मिळून हजारातले एकशेनव्वद. अनुवाद 14:28-29 मध्ये तिसऱ्या वर्षाचे हक्कदार नावनिशीवार आहेत : लेवी, उपरा, पोरका, विधवा. आजच्या प्रवचनांत दशमांशाचा सर्वांत कमी ऐकू येणारा भाग हाच आहे, आणि तोच त्याचा गाभा आहे.

‘सगळा दशमांश भांडारात आणा’ हे मलाखी संदेष्ट्याचे वचन (3:10) सर्वांत जास्त वापरले जाते. भांडार म्हणजे मंदिराची धान्याची कोठारे. ती रिकामी राहिली की काय होई ते नहेम्या 13:10 मध्ये दिसते : वाटा न मिळाल्यामुळे लेवी आणि गायक सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले. हे वचन ‘दहा टाका, शंभर मिळतील’ अशा हमीसारखे सांगणे चूक आहे. अशा हमीवर विसंबून उसनवारी करून, दागिने गहाण ठेवून देणारी कुटुंबे कर्जात रुततात.

येशू पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश मोजणाऱ्या परूश्यांना (नियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) न्याय आणि दया यांची आठवण करून देतो. मात्र ‘तेही सोडायचे नव्हते’ असे म्हणतो (मत्तय 23:23). प्रेषित पौलाच्या नव्या करारातल्या पत्रांत दहावा हिस्सा नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे काढून ठेवावे (1 करिंथ 16:2) आणि बळजबरीने देऊ नये (2 करिंथ 9:7), एवढेच आहे. म्हणून अनेक पंथ दहा टक्के हा कायदा न मानता सुरुवातीचे माप मानतात.

युरोपात दशमांश पुढे सक्तीचा झाला. 585 च्या मॅकाँ धर्मसभेने न देणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा ठेवली, फ्रँकांचा राजा शार्लमेन याने 779 मध्ये त्याला राजाज्ञेचे बळ दिले. फ्रान्समध्ये तो 1789 च्या क्रांतीत रद्द झाला. इंग्लंडमध्ये 1836 च्या कायद्याने धान्याऐवजी रोख आकारणी आली.

कॅथलिक धर्मनियमाचे कलम 222 चर्चच्या गरजा भागवण्याचे कर्तव्य सांगते, टक्केवारी ठरवत नाही; वसई आणि गोव्यातही हाच नियम लागू आहे. नगर भागातल्या प्रॉटेस्टंट गावांत हंगामाच्या सणाला पहिले धान्य, कोंबडी, अंडी, भाजी वेदीजवळ आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन कुटुंबांत दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्याला ‘बुहफाइ थम’ म्हणतात.

हिशेबात खरी अडचण येते ती कशाचा दहावा हिस्सा यावर. पगार 40,000 असून कापून 35,000 हाती येत असतील तर काही जण 4,000 काढतात, काही 3,500. दोन्हीला आधार आहे. एकदा ठरवून वर्षभर तेच धरावे. हातच्या रकमेवर काढणाऱ्याने भविष्यनिर्वाह निधी परत मिळेल तेव्हा त्याचाही हिशेब करावा. शेतकऱ्याचा सोयाबीन 1,80,000 ला विकला गेला आणि बी, खत, फवारणी, कापणी, मळणी, हमाली, तोलाई मिळून 95,000 गेले, तर 85,000 वर 8,500 होतात. पीककर्ज हे उत्पन्न नव्हे. त्यातून दशमांश काढू नये. जमीन विकली तर मूळ किंमत वगळून नफा तेवढा धरावा.

रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळी काढावी. महिनाअखेरीस उरेल त्यातून काढू म्हटले की ती उरत नाही. आईवडिलांचा औषधोपचार थांबवून दान देणे येशूने स्पष्ट नाकारलेल्या ‘कुर्बान’च्या, म्हणजे ‘हे देवाला अर्पण केले’ असे सांगून आईवडिलांना मदत टाळण्याच्या, पळवाटेसारखेच आहे (मार्क 7:11-13). सावकारी व्याज अंगावर असेल तर काही पाळक आधी लहान प्रमाण ठरवून कर्ज फेडायला सांगतात, आणि ते योग्यच आहे.

मंडळीकडे आलेली दशमांशाची पाकिटे दोन असंबंधित व्यक्तींनी एकत्र उघडावीत, पाकिटावरचा आकडा आणि आतली रक्कम ताडून वहीत लिहावी, दोघांनी सही करावी आणि पैसे बँकेत भरावेत. खर्च त्या रोकडीतून परस्पर करू नये. बहुतेक तंटे तिथूनच सुरू होतात. देणाऱ्यांची नावे रकमेसह वाचून दाखवणेही टाळावे. निव्वळ धार्मिक कामासाठीच्या देणगीवर सहसा आयकरात सवलत मिळत नाही, त्यामुळे पावतीवर सवलतीचा उल्लेख करण्याआधी मंडळीच्या न्यासाची नोंदणी तपासून घ्यावी.