कंट्रोलरला आवाज नसतो, तो बोटांचा वेग मोजतो

जळगाव-धुळ्याकडे घरच्या लॅपटॉपवर अहिराणी गाण्यांचं संगीत करणारी पोरं आता बरीच आहेत. मिडी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा पेटीसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘याना आवाज कसा शे?’ पण कंट्रोलरला आवाजच नसतो. तो फक्त आकडे पाठवतो. सनई असो की संबळ, आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचा.

वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडता यावीत म्हणून १९८३ साली मिडी ही आकड्यांची सामायिक भाषा आली. अमेरिकेतले सिंथेसायझर बनवणारे डेव्ह स्मिथ आणि रोलँड या जपानी वाद्य कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांना त्यासाठी २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळालं. मधल्या ‘सी’ या सुराची पट्टी दाबली की १४४, ६०, १०० असे तीन आकडे जातात. पहिला म्हणतो ‘सूर सुरू कर’, दुसरा कोणता सूर ते सांगतो आणि तिसरा ठोक्याचा जोर, १ ते १२७ मधला.

हा जोर मोजण्याची युक्ती फार सुंदर आहे. पट्टीखाली वजन मोजणारं काही नसतं. रबरी घुमटीत दोन स्विच असतात, एक आधी जुळतो, दुसरा किंचित नंतर. चिप मोजते तो या दोन्हींमधला वेळ. मुंबई-आग्रा महामार्गावर दोन खांबांमधलं अंतर गाडीनं किती वेळात कापलं त्यावरून वेग काढावा, तसंच. बोट जोरात आलं तर हा वेळ जेमतेम काही मिलिसेकंदांचा, अलगद टेकलं तर कित्येक पट जास्त.

आता खरी मेख. चिप सगळ्या पट्ट्या एकदम पाहत नाही, ओळीओळीनं फेरी मारते. समजा एक फेरी १ मिलिसेकंदाची आहे. मग एक ठोका ३.१ मिलिसेकंदांचा आणि दुसरा ३.४ चा असला, तरी चिपच्या लेखी दोन्ही सारखेच ठरू शकतात. अलगद वाजवताना हा फरक जाणवत नाही, जोरकस वाजवताना बारकावे हरवतात. त्यात वेळेवरून जोराचा आकडा काढणारा आलेख बेंगरूळ असेल, तर ४० नंतर थेट १२७.

म्हणून दुकानातच कंट्रोलर लॅपटॉपला जोडून पडद्यावर आकडे बघा. एकाच पट्टीवर २०, ५०, ९० मनासारखे काढता आले पाहिजेत. संबळ-ढोलकीचे ठेके धरायचे असतील तर पॅड, म्हणजे बोटांनी ठोकायचे रबरी चौकोन, बघा, तिथे वेगाऐवजी बोटाचा दाब मोजला जातो.

सोन्याचा मुलामा दिलेल्या यूएसबी केबलनं आवाज खुलतो असं सांगून पैसे उकळतात, ते धादांत खोटं आहे. केबलमधून आकडे जातात आणि १०० हा १००च पोचतो.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, मात्र पट्ट्यांवर येत नाही, त्यासाठी डावीकडचं पिच व्हील, सूर वर-खाली सरकवणारं चाक. साध्या नॉबला (फिरवायच्या बटणाला) मिडीत १२८ पायऱ्या मिळतात, पिच व्हीलला १६,३८४, म्हणून सूर तुटक न होता सरकतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये व्हील सुरुवातीला दोनच अर्धस्वर वर-खाली जातं. ‘सा’पासून शुद्ध ‘ग’पर्यंत ओढायचं असेल तर ती मर्यादा आधी चारवर न्यावी.