दमण : एका मुक्कामाची सहल (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बडोद्याहून एका रात्रीच्या मुक्कामात समुद्र पाहून परतायचे असेल, तर दमणसारखे सोयीचे दुसरे गाव नाही. रस्त्याने ते सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. रेल्वेने गेल्यास वापीला उतरून पुढचे बारा-एक किलोमीटर रिक्षाने किंवा मोटारीने जावे लागते. दीव अधिक देखणे आहे हे आम्हांला मान्य आहे. परंतु तेथे एका मुक्कामात जाऊन येणाऱ्याचा बहुतेक वेळ गाडीतच जातो. आमच्या दांडिया बाजारातील कार्यालयात चौकशीला येणारी मंडळी हॉटेल, जेवण आणि दर यांविषयी बारकाईने विचारतात; आपण किनाऱ्यावर पोहोचू तेव्हा तेथे पाणी असेल का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. दमणच्या बाबतीत तोच पहिला प्रश्न असावयास हवा, म्हणून या पत्रकात त्यालाच अधिक जागा दिली आहे.

तिथी पाहून तारीख

खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते, त्यामुळे भरतीचे पाणी आत शिरताना चढत जाते आणि या भागात भरती-ओहोटीतील फरक कोकणापेक्षा बराच मोठा असतो. त्यात दमणचा किनारा उतरता नसून सपाट आहे, आणि नर्मदा, तापी यांसारख्या नद्यांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षे या पाण्यात खेळत राहिला आहे. परिणामी ओहोटीच्या वेळी दमणच्या जांपोर किनाऱ्यावर पोहोचलेल्या माणसाला समुद्राऐवजी दूरवर पसरलेला करडा, ओला, पायाखाली चिकटणारा पट्टा दिसतो आणि पाण्याची रेघ शोधावी लागते. गोव्याची पांढरी वाळू मनात धरून येणाऱ्यांनी हे आधीच जाणून घेतलेले बरे.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत किनाऱ्यावरच्या लोकांत चालत आली आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. दमण उत्तरेला, आखाताच्या अंगाला असल्याने तेथे भरती काहीशी उशिरा, साधारण तासाभराच्या फरकाने येते असे धरावे. सप्तमीचे उदाहरण घेतल्यास साताची पाऊणपट सव्वापाच होते, म्हणजे दमणला सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असते आणि सूर्यास्त पाण्यावर पाहावयास मिळतो. पौर्णिमेला हेच गणित सव्वाअकरावर जाते; भरती दुपारी बाराच्या पुढे येऊन जाते आणि सायंकाळी साडेसहाला, म्हणजे नेमके आपण किनाऱ्यावर असताना, पूर्ण ओहोटी असते. चांदण्यातला समुद्र पाहण्यासाठी पौर्णिमेचीच तारीख मागणारे ग्राहक अनेक असतात. त्यांना आम्ही नाही म्हणत नाही. मात्र चांदण्यात पाणी जवळ येईपर्यंत मध्यरात्र होईल, हे आरक्षणाच्या वेळीच सांगतो.

या कारणाने आमची सहल शक्यतो षष्ठी ते अष्टमीच्या आसपासच्या शनिवारी निघते. या दिवसांत भांग असतो, म्हणजे भरती उधाणाइतकी मोठी येत नाही, पण पाणीही फार लांब जात नाही. शनिवार आणि तिथी यांचा मेळ दर महिन्याला बसतोच असे नाही. तो बसला नाही, तर आम्ही कार्यक्रमाचा क्रम बदलतो आणि ओहोटीचे तास किल्ल्यासाठी ठेवतो. जून ते सप्टेंबर आम्ही ही सहल काढतच नाही.

पाहण्यासारखे

नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावणारी दमणगंगा येथे समुद्राला मिळते आणि गावाचे दोन भाग करते. दक्षिणेला मोटी दमण आणि उत्तरेला नानी दमण. १५५९ मध्ये पोर्तुगिजांनी दमण घेतले आणि डिसेंबर १९६१ पर्यंत ते त्यांच्याकडे राहिले. शेजारचे दादरा व नगर हवेली त्याआधीच, १९५४ मध्ये, मुक्त झाले होते आणि त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासह अनेक मराठी मंडळी उतरली होती, याची आठवण सहलीत कोणी ना कोणी काढतेच. २०२० पासून हे सर्व प्रदेश मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

मोटी दमणचा किल्ला हा केवळ भग्नावशेष नव्हे. त्याच्या तटाच्या आत आजही सरकारी कचेऱ्या चालतात आणि झाडांच्या सावलीत निवांत रस्ते आहेत. तेथील बॉम जेझुस चर्चमध्ये लाकडी कोरीवकाम आवर्जून पाहावे. प्रार्थना चालू असल्यास बाहेर थांबावे. नदीपलीकडे नानी दमणचा सेंट जेरोमचा किल्ला लहान आहे, पण आमच्या मते अधिक रंगतदार आहे, कारण त्याच्या तटावर चढले की खाली नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या मच्छीमारांच्या होड्या दिसतात आणि भरतीचे पाणी नदीत उलटे शिरताना स्पष्ट कळते. तटाच्या पायऱ्या उंच असल्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालीच थांबणे योग्य.

देवका किनाऱ्यावर खडक आहेत आणि तेथे पाण्यात उतरणे धोक्याचे आहे. २०२३ मध्ये खुला झालेला समुद्रालगतचा लांब पदपथ मात्र सकाळच्या फेरफटक्यासाठी उत्तम आहे. जांपोरला सुरूच्या झाडांखाली बसता येते. तेथेही आमचे ग्राहक गुडघाभर पाण्यापलीकडे जाणार नाहीत, ही अट आहे. गाडी ओल्या गाळावर उतरविण्याचा आग्रहही चालकाला करू नये.

खाणेपिणे

सामिष जेवणाऱ्यांना पापलेट आणि बोंबील ताजे मिळतात, शाकाहारी मंडळींसाठी गुजराती थाळी आहेच. थंडीच्या दिवसांत परतताना वलसाडच्या आसपास महामार्गाच्या कडेला उंबाडियूसाठी आम्ही गाडी थांबवितो. पापडी, कंद आणि बटाटे हिरव्या मसाल्यासह मडक्यात भरून, मडके उलटे ठेवून भोवती जाळ करतात, आणि मडके उघडल्यावर येणारा धुराचा वास गाडीत चढेपर्यंत कोणी उठत नाही.

दमणमध्ये मद्यविक्रीस परवानगी आहे आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे, ही गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्ही आवश्यक समजतो. दमणची बाटली हद्दीपलीकडे आणणे गुन्हा आहे आणि सीमेवर तपासणी होते. पिशवीत बाटली आढळल्यास त्याची जबाबदारी संबंधित प्रवाशाची राहील आणि इतर प्रवाशांचा खोळंबा होऊ नये म्हणून गाडी त्याच्यासाठी थांबणार नाही. पिऊन गुजरातच्या हद्दीत येणेही कायद्यात बसत नाही, हेही लक्षात असावे.

नोंदणीविषयी

प्रत्येक प्रौढ प्रवाशाने ओळखपत्र सोबत ठेवावे; हॉटेलात एकाचे चालत नाही, सर्वांचे पाहतात. ज्येष्ठ नागरिकांना आम्ही रेल्वेनेच जाण्याचा सल्ला देतो, कारण भरूच आणि सुरतच्या परिसरात महामार्गावर वाहतूक खोळंबली, तर वेळेचा अंदाज कोणालाच देता येत नाही. दिवाळीचा आठवडा आणि ३१ डिसेंबर या काळात खोल्यांचे दर चढतात, किनाऱ्यावर गर्दी होते, आणि त्या दिवसांत आम्ही कुटुंबांसाठी नोंदणी घेत नाही. चालू हंगामातील तारखा, तिथी आणि भरतीच्या वेळा यांचा तक्ता दरपत्रकासोबत कार्यालयात मिळेल. नोंदणीपूर्वी तो पाहून घ्यावा, कारण तारीख ठरल्यानंतर ओहोटीच्या कारणाने पैसे परत मिळणार नाहीत.