हिब्रू बायबलमधील ढोंगी उपासना

बळी, उपवास, सण व प्रार्थना यथासांग चालू असताना उपासकाच्या व्यवहारात न्याय व दया नसणे, या विसंगतीवर हिब्रू धर्मग्रंथांत (ख्रिस्ती परंपरेतील ‘जुना करार’), विशेषतः संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्यांच्या, ग्रंथांत वारंवार टीका आढळते.

या संकल्पनेसाठी बायबलच्या हिब्रूत एकच ठरावीक शब्द नाही. जुन्या भाषांतरांत ‘ढोंगी’ म्हणून आलेल्या ‘हानेफ’ या शब्दाच्या धातूचा अर्थ विटाळणे, भ्रष्ट होणे असा असून ‘गणना’ या ग्रंथात (अध्याय ३५, वचन ३३) तो रक्तपाताने विटाळलेल्या भूमीविषयी योजला आहे. ईयोबाच्या ग्रंथाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दोन ठिकाणी (३४:३०, ३६:१३) त्याच्यासाठी ‘हुपोक्रितेस’ (मूळ अर्थ नट) हा शब्द आला, उत्तरकालीन हिब्रूतही या धातूला खुशामत व दांभिकता हे अर्थ चिकटले. बायबलपुरता मात्र ‘अधर्मी’ हाच अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. दंभाचे नेमके वर्णन शब्दापेक्षा प्रतिमेतून होते : लोक ओठांनी देवाचा सन्मान करतात, पण त्यांचे अंतःकरण त्याच्यापासून दूर असते (यशया २९:१३).

इ. स. पू. आठव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याच्या कारकिर्दीत, बेथेल या उपासनास्थानी बोलणारा संदेष्टा आमोस सणांचा व होमबलींचा धिक्कार करून न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे सांगतो (५:२१–२४). शब्बाथ (साप्ताहिक विश्रांतीचा पवित्र दिवस) कधी सरतो आणि माप लहान करून धान्य कधी विकता येते, याची वाट पाहणारे व्यापारीही त्याने टिपले आहेत (८:५). यिर्मया या संदेष्ट्याचे यरुशलेमच्या मंदिरातील प्रवचन (अध्याय ७) अध्याय २६ च्या आधारे साधारणतः इ. स. पू. ६०९ च्या सुमाराचे मानतात. चोरी, खून व व्यभिचार करून मंदिरात आश्रय घेणाऱ्यांना तो शिलो या उद्ध्वस्त झालेल्या जुन्या उपासनास्थानाची आठवण देतो.

संदेष्ट्यांचा विरोध बलिविधीलाच होता की त्याच्या गैरवापराला, हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक प्रॉटेस्टंट अभ्यासकांनी आमोस ५:२५ व यिर्मया ७:२२ (अरण्यातील काळात बळींची मागणी नव्हती, अशा आशयाची वचने) यांच्या आधारे पहिला पक्ष घेतला. याउलट, होशेय ६:६ च्या पूर्वार्धात ‘यज्ञ नव्हे, दया’ असा निषेध असला, तरी उत्तरार्धात ‘होमबलींपेक्षा देवाचे ज्ञान’ अशी तुलना आहे आणि समांतर रचनेमुळे पहिला नकारही सापेक्ष ठरतो, असे दुसरा पक्ष म्हणतो. यशया १:१५ मध्ये बळींबरोबर प्रार्थनाही नाकारली आहे, कारण प्रार्थना करणारे हात रक्ताने भरलेले आहेत; यशया प्रार्थनेच्याच विरुद्ध होता, असे सहसा कोणी म्हणत नाही, त्यामुळे दुसऱ्या मताचे पारडे जड वाटते. स्तोत्र ५१ मध्ये बळींना गौण लेखणाऱ्या ओळींपाठोपाठ वेदीवर गोऱ्हे अर्पण होतील असा समारोप येतो; तो बहुधा नंतरची भर असावी.

दुष्टाच्या यज्ञाविषयीची नीतिसूत्रांतील वचने (१५:८, २१:२७) यांना प्राचीन ईजिप्तच्या बोधसाहित्यात समांतर उदाहरण आहे : ‘मेरिकारेस उपदेशा’त (मेरिकारे या राजाला केलेला उपदेश) दुष्टाच्या बैलापेक्षा सज्जनाचे शील श्रेष्ठ मानले आहे. निर्वासनोत्तर, म्हणजे बाबिलोनमधील हद्दपारीनंतरच्या, काळातील समजल्या जाणाऱ्या मलाखीच्या ग्रंथात रोख पुरोहितांकडे वळतो. आंधळी व लंगडी जनावरे वेदीवर आणणाऱ्यांना, तीच आपल्या सुभेदाराला देऊन पाहा, असे तो सुनावतो (१:८). यशयाचा अठ्ठावन्नावा अध्यायही बहुधा याच काळातील असून उपवासाच्या दिवशी मजुरांना राबवून घेणाऱ्यांवरील त्यातील टीका यहुदी परंपरेत प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे खुद्द उपवासाच्याच दिवशी, सकाळच्या उपासनेत वाचली जाते.