शॅमेलिऑन काळवंडतो तेव्हा: ‘ताण’ या निदानाची पार्श्वभूमी

पाळीव शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, आजारपणाचे आजचे बरेच ठोकताळे जंगलातून पकडून आणलेल्या जनावरांवरून बांधले गेले. १९७२ मध्ये केनियातून हवाईला आलेले तीन शिंगांचे शॅमेलिऑन खंगलेले आणि पाण्याविना सुकलेले होते. सावरावेत म्हणून त्यांना परसात सोडले आणि तिथून ते बेटावर पसरले. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागू झाला. १९९५ मध्ये मादागास्करची निर्यात मोजक्या चार जातींवर आली. पुढे घरीच पैदास झालेले पँथर आणि येमेनी या जातींचे शॅमेलिऑन सर्रास मिळू लागले.

पण आधीच्या काळातला एक शब्द मागे उरला: ‘ताणाने गेला’. तहान, पोटातले जंत, हाडांसाठी लागणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांचा अभाव, सगळेच त्यात खपून गेले. त्या ताणाची खूण म्हणून बोट दाखवले गेले ते काळ्या रंगाकडे.

इथेच खरा गुंता आहे. काळेपणा येतो मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य पेशीत पसरल्याने. उजळ रंगांचे गणित मात्र २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनवर उलगडले: त्वचेतले ग्वानिन या पदार्थाचे सूक्ष्म स्फटिक जनावर शांत असताना जवळजवळ असतात, तेव्हा हिरवा-निळा दिसतो, चवताळले की अंतर वाढते आणि पिवळा-तांबडा उमटतो. म्हणजे झगझगीत रंग खुशीचा असतो, ही समजूतही चुकीची. सकाळी ऊब देणाऱ्या दिव्याकडची कूस चपटी करून काळा पडलेला शॅमेलिऑन फक्त ऊन घेत असतो. अंग तापले की उजळतो. गळा फुगवून, तोंड वासून, काळे ठिपके उमटवून डोलत असेल तर त्याला दुसरा शॅमेलिऑन किंवा काचेतले स्वतःचेच प्रतिबिंब दिसते आहे. मध्ये आडोसा लावून बघावे. दिवसभर काळपट आणि भरदिवसा डोळे मिटलेले, हे मात्र त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेण्याचे लक्षण.

रंगापेक्षा बाकीच्या खुणा भरवशाच्या. विष्ठेसोबतचा युरेटचा, म्हणजे घट्ट मूत्राचा, गोळा पांढरा हवा. गडद पिवळा-नारिंगी होणे आणि डोळे खोल जाणे म्हणजे पाणी कमी. दिवा बंद असतानाही तोंड उघडे, नाक वर आणि श्वासाला शिटीसारखा आवाज, तर फुप्फुसाचा संसर्ग धरून चालावे. फांदीवरची पकड सुटणे, जबडा मऊ पडणे, पाय वाकणे, हा हाडांचा आजार. जीभ तोकडी पडू लागते, तीही अनेकदा त्याच वाटेवर. त्यामागे बहुधा यूव्हीबीची कमतरता असते: दिव्याची नळी उजेड देत राहते, पण तिचे यूव्हीबी आधीच उतरलेले असते. म्हणून ती सहा ते बारा महिन्यांत बदलतात. ऊन घेण्याच्या फांदीवर यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांच्या तीव्रतेचे माप) ३ च्या आसपास ठेवतात. पिंजऱ्याची वरची जाळीही बरेच किरण अडवते, हे मोजताना हमखास विसरते.

पूर्ण जाळीचा पिंजरा की काचेचा, हा वाद अजून मिटलेला नाही. हवा खेळती असली तर काचही चालते.

येमेनी मादीच्या बाबतीत जुना शब्द सर्वाधिक नडतो. ती फांदी सोडून तळाशी येरझाऱ्या घालते, कोपरे उकरते, खाणे टाकते आणि ‘ताण’ म्हणून तिला झाकून ठेवले जाते. नर कधी न पाहिलेली मादीही अंडी धरते. उकरायला ओलसर वाळू-मातीचा २० ते ३० सेंटिमीटर खोल डबा नसेल, तर ती पोटातच अडकू शकतात.