चित्राखाली मुलाचं नाव

‘आर्ट थेरपी’, म्हणजे चित्रं-माती यांतून मनाला सावरायची उपचारपद्धत. हा शब्द १९४२ सालचा, इंग्लंडमधला. एड्रियन हिल हा चित्रकार क्षयाने आजारी पडून सॅनिटोरियममध्ये असताना चित्रं काढत राहिला. त्या चित्रांनी त्याला उभारी आली, तेव्हा शेजारच्या रुग्णांच्या हातीही त्याने कागद-पेन्सिल दिली. पण ते रुग्ण मोठे होते. भेदरलेल्या, गप्प झालेल्या किंवा सतत अंगावर धावून जाणाऱ्या मुलांसाठी आज जी पद्धत वापरतात, तिचं एक मूळ शोधायला त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाझींनी बळकावलेल्या चेक मुलखातल्या, ज्यूंना डांबलेल्या तेरेझिनच्या छावणीत जावं लागतं.

चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नवऱ्याबरोबर तिथे पोचल्या त्या महिन्यात. जन्म व्हिएन्नाचा, शिक्षण जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत, योहानेस इटेन यांच्या हाताखाली. बरोबर मोजकंच सामान नेता येत होतं, त्यात त्यांनी चित्रांचं साहित्य भरलं. छावणीत शाळा भरवायला बंदी होती, चित्रकलेकडे मात्र काणाडोळा व्हायचा. मुलांच्या वसतिगृहांत फ्रीडल शिकवू लागल्या. कागद मिळेना, म्हणून कचेरीतले वापरलेले फॉर्म घेतले. काही कोलाजांत चित्रामागून ते छापील रकाने आजही डोकावतात.

आधी हात मोकळा करायचा, ताल धरून रेषा ओढायच्या. ही इटेन यांची शिकवण. मग घर, बाग, फुलं. कुणी तीन मजली फळ्यांचे बिछानेही काढले. चित्रावर आपलं नाव घालायचं, हा फ्रीडल यांचा आग्रह. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. छावणीत येणाऱ्या प्रत्येकाला नंबर मिळायचा आणि या बाई मुलांना नाव लिहायला लावत होत्या. १९४३ मध्ये छावणीतच त्यांनी मुलांच्या चित्रांवर व्याख्यान दिलं. मुलांना आपल्यासारखं करायची मोठ्यांना एवढी घाई का, असा त्यांचा सवाल होता.

ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑश्विट्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. चित्रं काढणाऱ्यांपैकी बहुतेक मुलंही वाचली नाहीत. मागे राहिल्या दोन सुटकेस, त्यात सुमारे साडेचार हजार चित्रं. ती आता प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

धागा तुटला नाही, कारण एडिथ क्रेमर. व्हिएन्नात आणि प्रागमध्ये फ्रीडलकडे शिकलेल्या, निर्वासित मुलांना शिकवताना त्यांचं काम जवळून पाहिलेल्या एडिथ १९३८ मध्ये अमेरिकेत गेल्या. १९५० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक या निवासी शाळेत, घरादाराने आणि कोर्टाने हात टेकलेल्या मुलग्यांबरोबर त्या काम करत होत्या. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९५८ चं.

त्यांच्याआधी, १९४० च्या दशकात, मार्गारेट नॉमबर्ग न्यूयॉर्कमधल्या मनोरुग्णालयातल्या मुलांबरोबर चित्रांतून काम करत होत्या. त्यांच्या लेखी चित्र म्हणजे मनाच्या तळातलं बोलणं. मुलाने ते काढावं आणि मग त्यावरून मनात काय काय येतं ते स्वतःच सांगावं. क्रेमर यांचं म्हणणं वेगळं: संतापाला रंगाचा, मातीचा आकार देता देताच मूल सावरतं. हा वाद अजून मिटलेला नाही. माझा कल क्रेमर यांच्याकडे आहे, कारण ज्या मुलाला बोलताच येत नाही त्याला ‘हे काय काढलंस?’ विचारणं म्हणजे पुन्हा कोंडीत पकडणं.

आपल्यापैकी बहुतेकांना चित्रकलेचा तास आठवतो तो रंग रेषेबाहेर गेला म्हणून खाल्लेल्या बोलण्यांचा, नाहीतर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडचा. थेरपीच्या खोलीत ग्रेड नसते. क्रेमर ‘तिसऱ्या हाता’बद्दल बोलत: मातीचा घोडा पाय वाकून कोसळायला आला, की थेरपिस्टने आधार द्यायचा, पण घोडा मुलाचाच राहू द्यायचा. तास संपला की काम भिंतीवर लावत नाहीत. ते मुलाच्या फोल्डरमध्ये जातं, आणि पुढच्या वेळी तेच फोल्डर त्याच्यासमोर ठेवलं जातं.